लुंग रायचे ‘चाओ’

सकाळची भिक्षाफेरी आटोपून भिक्षू विहाराकडे वळले, की हुएसाकच्या बाजारात लुंग रायचे आगमन होई. ‘आगमन’ हा शब्द मी विचारपूर्वक योजतो आहे. इतर माणसे बाजारात नुसती येत. हा गृहस्थ अवतीर्ण होत असे. सहा फूट दोन इंच उंची, एकशे दहा किलो वजन, पांढऱ्याशुभ्र मिशा, आणि अंगात निळीत बुडवलेला तो जाड सुती सदरा, जो आमच्या फ्रे प्रांतात आता फक्त सत्तरीपलीकडचे शेतकरी आणि पहिल्यांदाच आलेले प्रवासी घालतात. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत भाजीसाठी जागा उरो न उरो, गवंड्यांची पाणसळ असायचीच. अळंबी विकणाऱ्या खामपेंगच्या पाटासमोर तो उभा राही, तराजूच्या दांडीवर पाणसळ ठेवी, काचेतल्या बुडबुड्याकडे एक डोळा मिटून पाही आणि न्यायाधीशाच्या गांभीर्याने निकाल देई.

“मी कालसुद्धा सांगितलं होतं तुम्हाला. दांडी उजवीकडे झुकतेय चाओ! मी स्वतः पाहिलंय. मी काय आंधळी आहे का चाओ?”

“छे हो लुंग, तुमची नजर म्हणजे घारीची,” खामपेंग खाली मान घालून अळंबी निवडत म्हणे. मान खाली घालण्याचे कारण लज्जा नव्हे. ओठ दिसू नयेत हे होते.

“मग दुरुस्त करा. मी उद्या पुन्हा येते चाओ.”

येथे थोडा खुलासा हवा. आमच्याकडच्या भाषेत क्रियापदाला लिंग नाही. जाणारा पुरुष असो वा स्त्री, क्रियापद तेच. बोलणाऱ्याचे स्त्रीत्व वा पुरुषत्व वाक्याच्या शेपटाला लावलेल्या एकाच अक्षरात साठवलेले असते. आदराने बोलायचे तर पुरुष शेवटी ‘ख्राप’ म्हणतो आणि उत्तरेकडची बाई ‘चाओ’ म्हणते. तेही लाडिक हेल काढून. घरात वडीलधारे लहानांशी बोलताना ह्यांपैकी काहीच लावत नाहीत, कारण जेथे हक्क आहे तेथे शिष्टाचाराचे प्रयोजन नसते. हा एवढासा, लहान मुलाला तिसऱ्या वर्षी कळणारा भेद लुंग रायला अकरा वर्षांत कळलेला नव्हता. तो बायकोकडून भाषा शिकला आणि बायकोसारखीच बोलू लागला. मराठी वाचकाच्या कानी ते जसे पडावे तसेच पडावे म्हणून मी त्याच्या तोंडी ‘मी येते, मी जाते’ घातले आहे. त्या मिशांखालून ते कसे ऐकू येत असेल, ह्याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे करावी.

त्याचे खरे नाव रायनहोल्ड क्नोबे. गावाने त्यातले ‘राय’ तेवढे ठेवले आणि पुढे काका ह्या अर्थाचा ‘लुंग’ लावला. आमच्याकडे जमीन ‘राय’ ह्या मापाने मोजतात, आणि सूर किंचित वर चढवला की तोच शब्द ‘खाष्ट’ ह्या अर्थी वापरतात. गाव दोन्ही सूर आळीपाळीने लावी. परदेशी माणसाला येथे वीतभरही जमीन घेता येत नाही. घर, अंगण, फणस आणि विहीर सारे बायकोच्या, फोंगचानच्या, नावावर होते. म्हणून पहिल्या सुरातला विनोदही कमी बोचरा नव्हता.

जर्मनीतल्या बीलफेल्ड नावाच्या शहरात एकतीस वर्षे त्याने इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. ह्या व्यवसायाचे स्वरूपच असे की, लिफ्ट निर्दोष असेल तर तपासनिसाची कोणाला आठवणही होत नाही. त्याचे सारे अस्तित्व दोषावर उभे. निवृत्त होऊन तो येथे आला तो हे व्रत सोबत घेऊनच. आल्या आल्या पहिल्या महिन्यात त्याने अंगणातल्या भूमिदेवतेच्या देवघराला पाणसळ लावली. खांबावरचे ते चिमुकले घर दीड अंशाने कलले आहे असे त्याच्या ध्यानी आले, आणि कोणाला न विचारता त्याने खाली कौलाचा तुकडा ठोकून ते सरळ केले. घरातल्या कोणत्याही माणसापेक्षा थोर असलेल्या त्या देवतेला त्याने गळक्या नळाच्या पंक्तीला बसवले. फोंगचानची आई, मे उय, तीन दिवस देवघरापुढे फुले वाहत होती. “पाहुणा आहे बाबा, रागवू नकोस,” एवढेच ती म्हणे. अकरा वर्षे उलटली तरी देवतेपुढे त्याची ओळख तीच राहिली होती.

अज्ञान हा अपराध नव्हे. पण आपल्या अज्ञानाला जो सिद्धान्ताचे वस्त्र नेसवतो, त्याच्याविषयी दया वाटेनाशी होते. पुरुष ‘ख्राप’ म्हणतात हे ह्या माणसाने ऐकले नव्हते असे नाही. ऐकले होते, आणि त्याचा उलगडाही करून ठेवला होता. नव्याने येऊन राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी त्याने ‘एकवीस नियम’ नावाची एक चोपडी रचली होती. तिच्या प्रती तो स्वतः काढी, स्वतः टाचे आणि कोणी मागितली नाही तरी देई. तिच्यातला नववा नियम असा होता: ‘पुरुषांनी ख्राप म्हणू नये. तो राजधानीतल्या कारकुनांनी लादलेला प्रत्यय आहे. उत्तरेची शुद्ध प्राचीन भाषा चाओ हीच.’ पुराव्यादाखल त्याने ज्या माणसांची साक्ष नोंदवली होती ती अशी: बायको, सासू, दोन मेहुण्या, अळंबीवाली, शिवणकाम करणारी आणि तिची सून. गावातले पुरुष त्याला पाहताच गल्ली बदलत, म्हणून त्यांची साक्ष कशी मिळावी? ज्यांना गल्ली बदलता येत नव्हती ते म्हणजे पोस्टमन, पोलीस, आणि दर नव्वद दिवसांनी ‘मी जेथे राहतो तेथेच राहतो’ हे ज्यांच्यापुढे जाऊन सांगावे लागे ते अधिकारी. हे सारे सरकारी नोकर, तेव्हा ‘कारकुनांचा प्रत्यय’ हा सिद्धान्त बिनतोड ठरला!

ह्या गुरूला एक शिष्यही लाभला होता. नदीपलीकडच्या वाडीत ओडवार नावाचा एक नॉर्वेजियन कोळी निवृत्त होऊन राहिला होता. खारे वारे पिऊन रापलेला, दाराच्या चौकटीएवढा रुंद माणूस. त्याने चोपडी पाठ केली. दर शुक्रवारी दोघे शेवयांच्या दुकानात भेटत आणि आपसात इथलीच भाषा बोलण्याचा पण पाळत. “आज मला भूक नाही गं चाओ,” “मग मी एकटीच जेवते चाओ,” असा तो संवाद चाले, आणि दुकानदारीण मागे चुलीकडे तोंड करून उकळत्या पाण्यात नसलेल्या शेवया ढवळत राही.

कोणी सांगितले कसे नाही, असे कोणी विचारील. सांगण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. शाळेतले विचियन गुरुजी, अत्यंत सौम्य माणूस, एकदा म्हणाले, “लुंग, आमच्याकडे ना, पुरुष मंडळी शेवटाला जरा वेगळं—”

“वेगळं नाही, चुकीचं! तुम्ही राजधानीत शिकलात, म्हणून तुमची भाषा बिघडली चाओ. वाईट वाटून घेऊ नका. मी तुम्हाला माझी चोपडी देते.”

गुरुजींनी दोन्ही हातांनी चोपडी घेतली, मान लववली आणि आभार मानले. विषय संपला.

आमच्या लोकांत एक भाव आहे, त्याला ‘क्रेंगचाय’ म्हणतात. आपल्या शब्दाने समोरच्याच्या मनावर ओरखडा उठेल ह्या धास्तीने शब्द गिळणे. मी हा भाव अतिशय थोर मानतो. ज्या समाजाने मौनाला एवढी प्रतिष्ठा दिली, त्याच्यापुढे वाचाळ संस्कृतींनी नतमस्तक व्हावे. पण ह्या वस्त्राला आतली बाजूही आहे. क्रेंगचाय परक्याशी बाळगायचे असते. सख्खी बहीण बहिणीला “किती सुटली आहेस!” असे तोंडावर म्हणते; पाहुणीला म्हणत नाही. लुंग रायची चूक अकरा वर्षे झाकून ठेवताना गाव त्याला किती लांब बसवीत होते, हे त्या तपासनिसाच्या कोणत्याही उपकरणाला दिसले नाही. मराठी मुलखातून येऊन येथल्या अध्यापक महाविद्यालयात पाली-संस्कृत शिकवून मी म्हातारा झालो. लोक मला ‘आचान’ म्हणतात, जो आपलाच आचार्य आहे, प्रवासात थोडा झिजलेला. मीही गप्प राहिलो. त्यात सौजन्य किती आणि करमणूक किती, हे न सांगितलेलेच बरे.

फोंगचानची मुलगी पिम. हा गृहस्थ घरात आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिचा जन्मदाता दक्षिणेकडे रबराच्या मळ्यात कामाला गेला तो परतलाच नाही. तीन वर्षे लुंग रायने तिला रोज अठरा किलोमीटरवरच्या शाळेत आपल्या गाडीतून सोडले, आणि प्रत्येक फेरीत ब्रेकच्या घर्षणावर व्याख्यान दिले. मुलीने ते ऐकून घेतले. ती पुढे परिचारिका झाली आणि फित्सानुलोकला नोकरी करू लागली. पण त्याला ती ‘लुंग’ म्हणे, बापाला म्हणायचा ‘फॉ’ नव्हे. आणि ह्या शब्दाची आमच्या गावात काही टंचाई नाही. गावचा मुखिया इन्केओ ह्याला आबालवृद्ध ‘फॉ लुआंग’ म्हणतात. विहारात स्वयंपाक करणारा म्हातारा, ज्याचे लग्नच झाले नाही, तोही फॉ. फोंगचान मला एकदा म्हणाली होती, “दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी ह्यांनी मला विचारलं, पिम माझ्या मागे मला काय म्हणते? मी म्हटलं, लुंग. मग विचारलं, आणि तोंडावर? म्हटलं, लुंगच. त्यावर वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.”

पिमचे लग्न ठरले तेव्हा ते न विचारलेले पुन्हा वर आले. वरात वाजतगाजत वधूच्या दाराशी येते तेव्हा वधूचा बाप तिला सामोरा जातो. तेथे कोण उभे राहिले हे सारे गाव पाहते आणि कायमचे ध्यानात ठेवते.

पिम रजेवर आली होती. ओसरीवर चिकट भाताची टोपली, मिरचीचा ठेचा, उकडलेल्या शेंगा. मीही जेवायला होतो. लुंग रायने हात पुसले आणि घोषणा केली.

“दाराशी मी उभी राहते चाओ. वरपक्षाचं स्वागत मी करते. भाषण तयार आहे. चौदा पानं झालीत.”

पिमचा घास हातातच राहिला. “लुंग, फॉ लुआंग उभे राहणारेत. ठरलंय तसं.”

“कुणी ठरवलं? फॉ लुआंगचा तुझ्याशी संबंध काय? त्यांच्या घराचा ईशान्येचा खांब खचलाय, मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं चाओ.”

“नवऱ्याचे वडील कर्नल होते, लुंग. तीनशे माणसं येणारेत.”

“मग बरंच आहे की! कर्नलला पण जरा शुद्ध भाषा ऐकू दे चाओ.”

“पिम,” फोंगचान हळूच म्हणाली, “राहू दे ना.”

“अकरा वर्षं राहू दिलं, आई. अजून किती?” तिने घास टोपलीत परत ठेवला. “लुंग, चाओ बायका म्हणतात.”

“काय?”

“बायका. आई म्हणते, मे उय म्हणते, मी म्हणते. पुरुष ख्राप म्हणतात. सगळे पुरुष. तुम्ही तीनशे लोकांपुढे मिशीला पीळ देऊन म्हणणार, ‘मी स्वागताला आलेय हो.’ लोक हसतील. एरवी हसतात तसं पाठीमागे नाही, समोर हसतील. तुम्हाला हसले तर तुमचं तुम्ही बघा, पण त्या दिवशी मला ते नकोय.”

“खोटं आहे हे. नववा नियम—”

“कसला मेला नियम?” अर्धवट ऐकू येणाऱ्या मे उयने विड्याचा तोबरा गालात सरकवला. “पाच मुलगे झाले मला. एकाच्या तोंडून चाओ निघालं असतं तर त्याच्या बापानं भाताच्या खाचरात बुडवला असता.”

लुंग राय माझ्याकडे वळला. “आचान, तुम्ही सांगा. संस्कृतात काय आधार आहे?”

“संस्कृताचा ह्यात काही संबंध नाही,” मी म्हणालो. “पिम खरं सांगते आहे.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

बनावट प्रमाणपत्र लावलेल्या लिफ्टकडे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या वाट्याला ते न्याय्यच होते.

दुसरा कोणी असता तर त्या रात्री उशीत तोंड खुपसून पडला असता. ह्याने पाहणी आरंभली! तीन दिवस तो बाजाराच्या तोंडाशी पिंपळाखाली वही घेऊन बसला. पानावर दोन रकाने. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या वाक्याचे शेपूट तो टिपून घेई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज झाली: ख्राप म्हणणारे दोनशे बारा, चाओ म्हणणारा एक. तो एक ओडवार होता. चोपडीची नवी प्रत मागायला आला होता.

मग त्याने फोंगचानला समोर बसवले. तिने ते मला पुढे सांगितले, म्हणून जसेच्या तसे देतो.

“अकरा वर्षं. एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?”

“वाटलं.”

“मग?”

“तुम्ही तुमच्या भाषेत भावाशी फोनवर बोलता ना, तेव्हा कुत्रा बाजेखाली जाऊन बसतो. मी पण स्वयंपाकघरात जाते. आणि आमच्या भाषेत बोलता तेव्हा… चाओ म्हणायचं तर ओरडता येत नाही हो. घसा तसा लागतच नाही. म्हटलं, चुकतात तर चुकू देत. घर तरी शांत राहतंय.”

भार्या ह्या आपल्या शब्दाला येथे ‘फनराया’ म्हणतात. भार वाहणारी, असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह मला त्या दिवशी झाला. व्युत्पत्ती तशी नाही हे मला ठाऊक आहे.

ह्यानंतर लुंग रायने बोलणेच बंद केले. नऊ दिवस तो खुणांनी व्यवहार करीत होता. बाजारात येई, बोटाने अळंबी दाखवी, मान हलवी, जाई. पाणसळ पिशवीतून बाहेर निघाली नाही. खामपेंग माझ्याकडे आली. “आचान, लुंगना बरं नाही का? नऊ दिवस झाले, तराजूला कुणी नावं ठेवली नाहीत. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय बघा.”

मौनाने माणसे शहाणी होतात असे आपली शास्त्रे सांगतात. त्यांच्या कर्त्यांनी लुंग रायला पाहिले नव्हते. दहाव्या दिवशी त्याने ‘एकवीस नियमां’ना दुरुस्तीपत्र जोडले: ‘नियम नववा: पुनर्विचाराधीन.’ चूक मान्य केल्याचा एक शब्द नाही. आणि ओडवारला? त्याला त्याने काहीच कळवले नाही. शुक्रवारी दोघे शेवया खायला बसले, ओडवार नेहमीप्रमाणे “मी आज थकले गं चाओ” म्हणाला, आणि त्याच्या गुरूने शांतपणे मान डोलावली. मी नंतर कारण विचारले तर म्हणतो, “क्रेंगचाय, आचान. त्याच्या मनाला लागेल.” अकरा वर्षांत ह्या भूमीने आपले जे जे उत्तम ते सारे त्याच्यापुढे मांडले होते. त्यातून त्याने नेमके हे उचलले, आणि तेही ह्या कामासाठी!

पिमने आपली अट सांगितली. “एक वाक्य, लुंग. चौदा पानं नाहीत. एक. आणि शेवटी ख्राप.”

“आणि चुकलं तर?”

“फॉ लुआंग शेजारीच उभे असतील. ते पुढचं बोलतील.”

तालीम मुखियाच्या अंगणात झाली. आम्ही चार म्हातारे बाकावर बसलो होतो. लुंग राय छाती काढून उभा राही आणि म्हणे, “माझ्या घरी आपलं स्वागत आहे,” आणि मग हातोडा ऐरणीवर पडावा तसे, “ख्राप!” मुखियाचे कोंबडे फणसावर चढले.

“लुंग, जरा मऊ,” इन्केओ म्हणाला. “पाहुण्यांना आत बोलावतोय आपण, अटक नाही करत.”

“नियमाप्रमाणे अक्षर तोडून म्हणायचं असतं ना? मी तोडून म्हणतो.”

“तोडा, पण त्यांच्या अंगावर नका टाकू.”

अकरा वर्षे त्या एका अक्षराने ज्याला बाई केले होते, त्याला हे दुसरे अक्षर एका दिवसात पुन्हा तपासनीस करून गेले. फोंगचानचे म्हणणे किती खरे होते, हे बाजेखाली गेलेल्या कुत्र्याने त्याच संध्याकाळी सिद्ध केले.

लग्नाची सकाळ उजाडली. लांब ढोल वाजू लागले. केळीचे आणि उसाचे रोप खांद्यावर घेऊन वरात गल्लीच्या तोंडाशी आली. मुलींनी सोन्याची साखळी आडवी धरून नवरदेवाला दोनदा अडवले, दोनदा गाणे म्हणायला लावले, मग सोडले. लुंग राय दाराशी उभा होता. निळा सदरा पिमने काढायला लावला होता; अंगात पांढरा कोट होता, त्यातून पोट डोकावत होते. शेजारी मुखिया. कर्नल पुढे आले, हात जोडले.

लुंग रायने तोंड उघडले. आम्ही बाकावरचे चौघे श्वास रोखून होतो. त्याच्या ओठांनी ‘च’चा आकार घेतला, हे मी स्पष्ट पाहिले. मग ते मिटले.

“माझ्या घरी आपलं स्वागत आहे… ख्राप.”

कोणी हसले नाही. हसण्यासारखे काही नव्हतेच. सामान्य माणूस बोलतो तसे एक सामान्य वाक्य होते ते. तीनशे माणसे आत गेली. लुंग राय मात्र कसोटीला उतरलेल्या लिफ्टवर शिक्का मारल्याच्या आविर्भावात मंडपाकडे पाहत होता, आणि मंडपाचा डावा खांब कललेला आहे हे त्याने मुखियाला सांगूनही टाकले.

पुढे आशीर्वाद. वधूवर गुडघे टेकून, हात पुढे करून बसतात; एकेक वडीलधारा येतो आणि त्यांच्या मनगटाला पांढरे सूत बांधताना काहीबाही चांगले बोलतो. ह्या विधीपुढे मी दरवेळी नम्र होतो. एवढ्याशा सुताने माणसाचा जीव त्याच्या देहाशी बांधून ठेवता येतो, अशी श्रद्धा ज्यांनी बाळगली, त्यांनी जीवाचे चंचलपण आपल्या कोणत्याही दर्शनकारापेक्षा कमी ओळखले नव्हते. आणि जो शब्द सारे उच्चारतात तो आपलाच आहे: सुख.

मे उयने बांधले. फोंगचानने बांधले, आणि डोळे पुसले. मग लुंग राय वाकला. त्याच्या जाड बोटांत सूत दोनदा निसटले. आशीर्वादाचे शब्द त्याने सासूकडून घोकून घेतले होते. त्यासाठी म्हातारीच्या कानाशी चार संध्याकाळी ओरडत बसला होता. आता तो ते अगदी हळू, शाळकरी पोराने पाढा म्हणावा तसे म्हणत होता.

“सुखात रहा. आजार जवळ न येवो. रस्त्यात काटा न लागो. दोघांचे केस एकत्र पांढरे होवोत…” गाठ बसली, आणि जीभ तिच्या जुन्या वाटेने घसरली. “…चाओ.”

पिमने मान वर केली नाही. हात तसाच पुढे धरून, सहज, शेजारी बसलेल्या माणसाला चहा सांडतोय असे सांगावे तसे ती म्हणाली, “फॉ, ख्राप.”

लुंग राय ताठ झाला. तर्जनी वर गेली.

“हे बघ, आशीर्वाद हा निराळा प्रकार आहे ख्राप. मी सासूबाईंकडून जसाच्या तसा घेतलाय. त्यात बाईच्या तोंडचा मजकूर असल्यामुळे शास्त्रशुद्ध दृष्टीनं पाहिलं तर—”

“ए बहिऱ्या!” मे उय मागून कडाडली. “काय म्हणाली ती?”

“ख्राप म्हणा म्हणाली. आणि मी तिला तेच समजावतोय की—”

“त्याच्या आधी काय म्हणाली?”

तर्जनी हवेत राहिली. मागे कर्नलच्या पत्नी आपले सूत घेऊन पाळीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांच्यामागे सारी रांग थांबली होती. लुंग रायच्या मिशा एकदा हलल्या. पिम अजून खालीच पाहत होती; मात्र तिचे कान लाल झाले होते.

तो पुन्हा खाली वाकला. इतका की त्या कोटाची मागची शिवण टर्रकन उसवली.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला.

वाक्याच्या शेपटाला त्याने काहीच लावले नाही, ना चाओ, ना ख्राप.